उरक आणि बरकत



वसंत व्याख्यानमालेच्या व्यासपीठावरून विद्वानांनी बोलावे आणि आमच्यासारख्यांनी समोर सतरंजीवर बसून ऐकावे, असा आजवरचा शिरस्ता. आमचे शिक्षण शाळेत थोडे आणि कारखान्याच्या फाटकाशी पुष्कळ झाले. हिशेब आम्ही पगारपत्रकावर शिकलो, कायदा औद्योगिक न्यायालयाच्या व्हरांड्यात शिकलो, आणि इंग्रजी शिकलो ते मालकांच्या नोटिसा वाचता वाचता. तेव्हा चालकांनी 'उत्पादकता' हा विषय आमच्याकडे सोपविला, तो आम्ही विद्वत्तेच्या नव्हे, तर वहिवाटीच्या हक्काने घेतला आहे. ज्यांचे काम गेली शंभर वर्षे घड्याळ लावून मोजले जात आहे, त्यांच्यापैकी कोणी तरी एकदा त्या घड्याळाविषयी बोलावे, हे रास्तच नव्हे काय?

'उत्पादकता' हा शब्द आपल्याकडे तसा नवा. स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या दशकात तो सरकारी कागदांतून रूढ झाला. १९५८ साली राष्ट्रीय उत्पादकता परिषद स्थापन झाली. तिच्या वतीने दरवर्षी १२ फेब्रुवारीपासून आठवडाभर कारखान्यांतून उत्पादकता सप्ताह पाळतात, फलक लावतात, शपथा घेववितात. शब्द नवा असला तरी ज्या गोष्टीसाठी तो आला, ती आपल्या आयाबायांना फार पूर्वीपासून ठाऊक आहे. त्यांच्याजवळ एक नव्हे, दोन शब्द आहेत. 'सुनेच्या हाताला उरक आहे,' असे सासू क्वचित का होईना, म्हणते. आणि 'पैसा येतो खरा, पण घरात बरकत नाही,' हेही आपण ऐकतो. उरक म्हणजे ठरल्या वेळात किती काम हातावेगळे झाले ते. बरकत म्हणजे काम झाल्यावर पदरात काय राहिले ते. उत्पादकतेची सारी चर्चा उरकाभोवती फिरते. बरकतीचा रकाना कोणी आखतच नाही. आज आम्हांला त्या रकान्याविषयी बोलावयाचे आहे.

प्रथम शब्दाचा हिशेबी अर्थ पाहू. उत्पादकता हा एक भागाकार आहे. वर अंशात मालाचा आकडा, खाली छेदात त्यासाठी खर्ची पडलेली वस्तू, बहुधा माणसाचा वेळ. समजा, एका कामगाराने ८ तासांत ४० नग काढले. त्याची उत्पादकता तासाला ५ नग. उद्या चांगले हत्यार मिळाले, माल वेळेवर आला, आणि त्याने तेवढ्याच वेळात ४८ नग काढले, तर ती तासाला ६ झाली. येथवर वाद नाही. पण त्याला १२ तास उभे करून ६० नग काढविले, तर काय झाले? उत्पादन दीडपट झाले, फलकावर मोठा आकडा लागला. उत्पादकता मात्र जेथे होती तेथेच, तासाला ५. आणि शेवटच्या तासांत हात जड पडून ६० ऐवजी ५४ च निघाले, तर ती साडेचारांवर घसरली. उत्पादन वाढले आणि उत्पादकता उतरली! हा फरक सातवीच्या मुलाला कळतो, पण मोठमोठ्यांच्या भाषणांत तो हरवतो. २०२३ साली एका नामांकित उद्योगपतींनी तरुणांनी आठवड्याला ७० तास काम करावे असे सुचविले, आणि कारण दिले उत्पादकतेचे. २०२५ च्या सप्टेंबरात महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळाने कारखान्यांतील दिवसाच्या कामाची मर्यादा ९ तासांवरून १२ तासांपर्यंत नेण्यास मान्यता दिली. तास वाढविण्याची बाजू कोणी जरूर मांडावी. मात्र तिला उत्पादकता हे नाव देऊ नये. तो निव्वळ छेद वाढविणे आहे.

तासांचा हा झगडा आमच्या चळवळीइतकाच जुना आहे. मुंबईच्या गिरण्यांत पूर्वी सूर्य उगवला की भोंगा आणि मावळला की सुट्टी, असा क्रम असे. आठवड्याची सुट्टी नव्हती. १८८४ साली नारायण मेघाजी लोखंडे यांनी गिरणी कामगारांची सभा भरवून जो अर्ज तयार केला, त्यातील मागण्या आज वाचल्या तर त्यांच्या साधेपणाने मन हेलावते: आठवड्यातून एक दिवस सुट्टी, दुपारी अर्धा तास विसावा, सकाळी साडेसहापासून सूर्यास्तापर्यंतच काम. रविवारची सुट्टी मिळावयास १० जून १८९० उजाडला. पुढे गिरण्यांत विजेचे दिवे आले, आणि ज्या दिव्याने माणसाची रात्र उजळावी त्यानेच त्याचा दिवस लांबविला. विसाव्या शतकाच्या आरंभी काही गिरण्यांतून चौदा-चौदा तास साचे चालत. यंत्र सुधारले की माणसाला आपोआप उसंत मिळते, ही समजूत किती भाबडी आहे, हे त्या दिव्यांनी दाखवून दिले.

तास कमी केले तर माल कमी होईल, अशी भीती प्रत्येक वेळी घातली गेली. या भीतीची परीक्षा पहिल्या महायुद्धात इंग्लंडमध्ये झाली. दारूगोळ्याच्या कारखान्यांत देशप्रेमाच्या भरात आठवड्याचे सातही दिवस काम चालू झाले. काही महिन्यांत आजारपण वाढले, माल बिघडू लागला. १९१५ साली सरकारने कामगारांच्या आरोग्याची समिती नेमली. तिच्यासाठी एच. एम. व्हर्नन या शास्त्रज्ञाने केलेल्या पाहणीत दिसले की, तास कमी केल्यावर काही खात्यांत आठवड्याचे एकूण उत्पादन घटण्याऐवजी वाढले. आपल्याकडे आठवड्याला ४८ तासांची मर्यादा १९४६ साली आली आणि १९४८ च्या कारखाने कायद्याने ती पक्की केली. ती मर्यादा दयेपोटी आलेली नाही. तिच्यामागे अनुभव आहे. २०२१ साली जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय श्रम संघटना यांनी मिळून जो अंदाज प्रसिद्ध केला, तो असा: २०१६ या एका वर्षात आठवड्याला ५५ वा अधिक तास काम करण्यामुळे जगात सुमारे ७ लक्ष ४५ हजार माणसे पक्षाघाताने आणि हृदयविकाराने दगावली. हा आकडा कोणत्याही कारखान्याच्या छेदात धरलेला नाही.

आता घड्याळवाल्यांच्या आद्य गुरूकडे वळू. अमेरिकेतील फ्रेडरिक विन्स्लो टेलर यांचे 'वैज्ञानिक व्यवस्थापना'वरील पुस्तक १९११ चे. त्यातील कच्च्या लोखंडाच्या लगडी वाहण्याचा दाखला प्रसिद्ध आहे. बेथलहेमच्या पोलाद कारखान्यात एक मजूर दिवसाला साडेबारा टन लगडी गाडीत चढवी. टेलर यांनी त्याच्या हालचाली बांधून दिल्या, केव्हा उचलावे, केव्हा बसावे हे ठरवून दिले, आणि तोच मजूर साडेसत्तेचाळीस टन उचलू लागला. त्याची मजुरी १ डॉलर १५ सेंटवरून १ डॉलर ८५ सेंट झाली. आमच्यासारखा हिशेबी माणूस येथे पेन्सिल काढतो. माल झाला ३.८ पट, मजुरी झाली १.६ पट. मधले कोठे गेले?

तरी टेलर यांना आम्ही केवळ खलनायक ठरवू इच्छीत नाही. त्यांच्याच हिशेबात असे निघाले की, ९२ पौंडांची लगड उचलणाऱ्या माणसाच्या हातावर दिवसाच्या शेकडा ४३ वेळेपुरतेच ओझे असावे; उरलेल्या ५७ भागांत ते मोकळे असले पाहिजेत. म्हणजे विसावा हा कामाचाच भाग आहे, हे त्या घड्याळाने सिद्ध केले! पुढच्या शिष्यांनी गुरूचे घड्याळ उचलले आणि हा निष्कर्ष तेवढा मागे ठेवला.

आमच्याकडेही घड्याळ घेऊन माणसे येतात. एका इंजिनिअरिंग कारखान्यात लेथ खात्याचे उत्पादन कमी पडते, कामगार हात आखडतात, अशी व्यवस्थापनाची तक्रार होती. आम्ही म्हटले, घड्याळ लावा, पण माणसाला नव्हे, यंत्राला लावा. यंत्र केव्हा थांबते आणि का थांबते, याची नोंद दोन्ही बाजूंनी मिळून एक आठवडा ठेवू. नोंद निघाली ती अशी: हत्याराला धार लावण्यासाठी एकाच ग्राइंडरपुढे रांग, ड्रॉइंगची वाट, क्रेनची वाट, तपासनिसाची वाट. कामगार रिकामा दिसत होता हे खरे, पण तो बसलेला नव्हता, त्याला बसवून ठेवलेले होते. धार लावून ठेवण्यासाठी एक जादा माणूस नेमला आणि माल आदल्या पाळीतच मांडून ठेवण्याची पद्धत घातली, तेव्हा खात्याचे उत्पादन कोणाचाही घाम न वाढविता वाढले. येथवर गोष्ट गोड आहे. पुढच्या कराराच्या वेळी व्यवस्थापनाने वाढलेला आकडाच नवे किमान उत्पादन म्हणून मांडला, आणि त्याबद्दल काही देण्याचे नाव काढले नाही. तो प्रश्न सोडवावयास सात महिने गेले. पण त्या सात महिन्यांत खात्यातील कोणीही नवी सुधारणा सुचविली नाही, आणि सुचवावी असे त्यांना सांगण्याचे तोंड आमच्यापाशीही नव्हते.

कामगार हात राखून काम करतो, असे आपण नेहमी ऐकतो. काही ठिकाणी ते खरेही आहे. त्याचे समर्थन करण्यास आम्ही येथे उभे नाही. दिल्या दामाचे चोख काम झालेच पाहिजे, आणि कामचुकारपणाला संघटनेची ढाल मिळता कामा नये. परंतु त्यामागचे कारण समजून घ्या. उक्त्या कामावर ज्याने जास्त नग काढले, त्याचा दर पुढच्या महिन्यात कापला जातो, हे एकदा अनुभवलेला माणूस शहाणा होतो. आपला उरक आपल्याच मुळावर येतो हे कळले, की तो उरक लपवितो.

आणि आता जे सांगावयाचे, ते सांगताना आवाज थोडा जड होतो. आमच्या औद्योगिक वसाहतीत मोटारींचे सुटे भाग करणारे लहान कारखाने आहेत. तेथे पॉवर प्रेस असतात. पत्रा खाली सरकवायचा, प्रेस खाली येतो, भाग कापून निघतो. दोन्ही हात बाहेर असल्याशिवाय प्रेस पडू नये म्हणून दोन बाजूंना दोन बटणे असतात. हात आत असला तर यंत्र थांबविणारा सेन्सर असतो. अशा एका कारखान्यात एक बटण चिकटपट्टी लावून कायमचे दाबून ठेवले होते आणि सेन्सर बंद केला होता. कारण? दर नगामागे दोन-तीन सेकंद वाचतात. कंत्राटदाराकडे लागलेला एक विशीतला मुलगा, मराठवाड्यातून आलेला, जोडपाळी करीत होता. पहाटेच्या सुमारास त्याच्या उजव्या हाताची दोन बोटे गेली. आम्ही तेथे पोहोचलो, तेव्हा प्रेस धुऊन पुन्हा चालू झाला होता. दारातल्या फलकावर त्या महिन्याचे उत्पादन लिहिलेले होते, आणि तो आकडा वर्षातला सर्वांत मोठा होता.

भरपाईसाठी भांडलो, यथावकाश ती मिळाली. पण तो फलक आमच्या डोळ्यांपुढून जात नाही. तेथील भागाकार चुकीचा नव्हता. नग बरोबर मोजले होते, तास बरोबर मोजले होते. फक्त दोन बोटे छेदात धरली नव्हती. ती पुढे कोण धरणार? तो मुलगा धरणार. त्याची आई धरणार. उद्या त्याला काम नाकारणारा दुसरा मुकादम धरणार. कारखान्याच्या हिशेबातून वगळलेला खर्च नाहीसा होत नाही. तो कोणाच्या तरी घरी जाऊन बसतो. म्हणून आम्ही म्हणतो, त्या कारखान्यात उरक होता, बरकत नव्हती.

मग उत्पादकता वाढूच नये काय? असे म्हणणारा माणूस कामगारांचा मित्र नव्हे. कमी श्रमात जास्त निर्माण झाल्याशिवाय दारिद्र्य हटावयाचे नाही. ओझे पाठीवरून उतरून क्रेनवर गेले, याचे आम्हांला दुःख कसे असेल? प्रश्न फक्त वाटेचा आहे. एक वाट अहमदाबादेने दाखविली. १९५० नंतर तेथील कॅलिको मिलमध्ये स्वयंचलित माग आले. तज्ज्ञांनी काम बारीक बारीक तुकड्यांत वाटले: एकाने फक्त बॉबिन भरावयाच्या, एकाने फक्त धागा जोडावयाचा, एकाने फक्त तेल घालावयाचे. कोणता माणूस कोणाचा, हे कोणालाच कळेना. माग उत्तम असूनही कापड अपेक्षेइतके निघेना आणि खराबी वाढली. १९५३ साली लंडनच्या टॅव्हिस्टॉक संस्थेचे ए. के. राइस तेथे आले. त्यांनी सुचविले की, ठराविक मागांचा एक संच एका लहान गटाकडे द्यावा. त्या मागांची सारी जबाबदारी त्या गटाची. ही कल्पना कामगारांनी अशी उचलली की, गट त्यांनी स्वतःच बांधले. बसते-उठते झाल्यावर मागांची कार्यक्षमता शेकडा ८० च्या आसपास होती, ती ९५ च्या आसपास गेली. खराबी शेकडा ३२ च्या घरातून २० च्या घरात आली. माग तेच, माणसे तीच. बदलला तो माणसामाणसांतील संबंध. 'हे काम माझे आहे' असे म्हणण्याची सोय माणसाला मिळाली.

दुसरा प्रश्न वाटणीचा. १९२८ साली मुंबईच्या गिरण्यांत विणकराने दोनांऐवजी तीन माग चालवावेत अशी योजना आली. त्या वर्षीचा सुमारे दीड लाख कामगारांचा सहा महिन्यांचा संप ज्या कारणांनी झाला, त्यांत हे एक मोठे कारण होते. तिसरा माग चालविता येत नव्हता असे नाही. तिसऱ्या मागापायी शेजारच्या विणकराची भाकरी जाणार होती, आणि चालविणाऱ्याला कष्टाच्या मानाने मिळणार होते थोडे. हा अनुभव ध्यानी धरूनच १९५७ च्या पंधराव्या भारतीय श्रम परिषदेने नवीकरणासाठी अटी घातल्या: असलेल्या कामगाराची नोकरी वा कमाई जाऊ नये, कामाचा बोजा दोन्ही बाजूंना मान्य अशा तज्ज्ञांनी ठरवावा, आणि लाभाची वाटणी समाज, मालक व कामगार यांच्यात न्याय्य व्हावी. जपाननेही १९५५ साली उत्पादकता केंद्र स्थापन करताना तीन तत्त्वे मांडली: रोजगार वाढावा, मालक-कामगारांनी विचारविनिमय करावा, आणि फळ मालक, कामगार व ग्राहक यांच्यात न्यायाने वाटले जावे. उत्पादकता म्हटली की जपानचे नाव घेणारे आपले व्यवस्थापक ही तीन तत्त्वे सहसा सांगत नाहीत, म्हणून आम्ही सांगतो.

आपल्याकडे वाटणी कशी झाली? वार्षिक औद्योगिक पाहणीचे आकडे उघडे आहेत. संघटित कारखान्यांतील निव्वळ मूल्यवृद्धीत कामगारांच्या मजुरीचा वाटा १९८० नंतरच्या पहिल्या वर्षांत शेकडा ३० च्या घरात होता. २००७-०८ च्या सुमारास तो शेकडा १० च्या आसपास आला. पुढे थोडा सावरला, पण जुन्या जागी परतला नाही. या काळात यंत्रे वाढली, भांडवल वाढले, हे खरे. सारी वाढ कामगाराच्या हातची असे आम्ही म्हणत नाही. पण याच काळात कायम कामगाराच्या जागी कंत्राटी माणूस आला, हेही खरे आहे. १८ जानेवारी १९८२ ला सुरू झालेला गिरणी संप ज्यांनी पाहिला, सोसला, त्यांना वाटणीचा प्रश्न मिटला नाही की कामाचे काय होते, ते वेगळे सांगावयास नको. गिरण्यांच्या जागी आज उंच इमारती आहेत. तेथेही रात्रपाळीला माणसे कामाला जातात. फक्त भोंगा होत नाही.

भगिनींनो, आता घरात येऊ. पुरुष मंडळी सभेत कामाच्या तासांवर टाळ्या वाजवितात आणि घरी जाऊन 'चहा झाला का?' म्हणून विचारतात. सरकारने २०१९ साली देशभर वेळेच्या वापराची पाहणी केली. तिच्यात दिसले की, बिनमजुरीचे घरकाम दिवसाकाठी शेकडा ८१ स्त्रिया करतात आणि शेकडा २६ पुरुष. करणाऱ्यांपैकी स्त्रीचा सरासरी वेळ २९९ मिनिटे, पुरुषाचा ९७ मिनिटे. २०२४ च्या पाहणीत हे आकडे २८९ आणि ८८ आले. चित्र पालटले असे म्हणवत नाही. जवळजवळ पाच तासांची ही पाळी. तिला हजेरी नाही, साप्ताहिक सुट्टी नाही. १८८४ साली लोखंड्यांनी मागितलेला दुपारचा अर्धा तास अजून कित्येक घरांत मंजूर व्हावयाचा आहे.

घरातही यंत्रे आली. पाट्याच्या जागी मिक्सर, चुलीच्या जागी गॅस, नदीच्या जागी धुलाईयंत्र. उरक वाढला. वाचलेला वेळ कोठे गेला? काही घरांत तो खरोखरच बाईच्या हाती आला. ती शिकली, नोकरीला लागली, या व्याख्यानाला आली. पण पुष्कळ घरांत मिक्सर आला म्हणून चटण्या वाढल्या, आणि यंत्र आहे म्हणून रोज चादरी बदलल्या. गिरणीतल्या विजेच्या दिव्याचीच ही गोष्ट! म्हणून कारखान्यात विचारावयाचा प्रश्न घरातही विचारला पाहिजे: वाचलेला वेळ कोणाचा? आमच्या संघटनेच्या सभा पूर्वी संध्याकाळी सातला होत. बायकांनी सांगितले, सात म्हणजे आमच्या भाकरीची वेळ. सभा रविवारी दुपारी घेऊ लागलो, आणि मुलांना सांभाळण्यासाठी दोन बाप्ये मागच्या खोलीत बसविले. सभेतील बायकांची संख्या वाढली, आणि ज्या तक्रारी आम्हांला कधी कळल्याच नव्हत्या त्या पुढे आल्या. हीदेखील उत्पादकताच की!

शेवटी स्वतःच्या आयुष्याविषयी. हल्ली कारखान्याचे घड्याळ माणसाच्या खिशात शिरले आहे. किती पावले चाललो, किती तास झोपलो, वर्षाला किती पुस्तके वाचली, सारे मोजले जाते. घरपोच जेवण नेणाऱ्या मुलाला तर मुकादमच दिसत नाही. फोनवरची घंटा हाच मुकादम. ज्यांना मुकादम नाही, असे सुशिक्षित तरुणही स्वतःच स्वतःचे मुकादम झाले आहेत. रविवारी दोन तास नुसते बसले, तर त्यांना चोरी केल्यासारखे वाटते. त्यांना आमचे सांगणे असे की, सगळ्या कामांत वेळ हा खर्च नसतो. काही कामांत वेळ हाच माल असतो. विल्यम बॉमोल आणि विल्यम बोवेन या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञांनी १९६६ साली हे वाद्यवृंदाच्या उदाहरणाने दाखविले: चौघांनी वाजवावयाची जुनी रचना वाजविण्यास शंभर वर्षांपूर्वी जितकी माणसे आणि जितका वेळ लागे, तितकाच आजही लागतो. आपण आपले उदाहरण घेऊ. एकादशीचे भजन दहा मिनिटांत आटोपले, तर टाळकऱ्यांची उत्पादकता वाढली असे कोणी म्हणेल काय? परिचारिकेने रोग्याच्या उशाशी घालविलेला वेळ, मास्तरांनी मंद मुलाला तेच गणित तिसऱ्यांदा समजावून सांगण्यात घालविलेला वेळ, आजारी बापाचे पाय चेपण्यात गेलेला वेळ, यांतून वेळ कापला तर कामच कापले जाते. अंगणवाडीच्या सेविकेला दिवसाला किती नोंदी भरल्या हे विचारणारा साहेब हेच विसरतो.

आम्ही जे थोडेफार वाचले, ते पाळीवरून आल्यावर, सार्वजनिक वाचनालयात, पंख्याखालची जागा धरून. एकेका पानाला अर्धा तास लागे. शब्दकोश शेजारी असे. त्या हिशेबाने आमच्याइतका अनुत्पादक वाचक त्या वाचनालयात दुसरा नसेल. पण त्या पानांनी आम्हांला नोटिशीला उत्तर लिहावयास शिकविले, आणि समोरच्या साहेबाच्या डोळ्यांत पाहून बोलावयास शिकविले. त्या वेळेचा उरक शून्य असेल. बरकत अजून पुरते आहे. आणि ते वाचन शक्य झाले कशामुळे? पाळी आठ तासांची होती म्हणून. बारा तासांच्या पाळीनंतर माणूस वाचनालयात जात नाही, तो झोपतो. तासांचा प्रश्न केवळ थकव्याचा नाही. माणसाने कामगार असण्याखेरीज आणखी काही असावे की नाही, बाप असावे, वाचक असावे, या सभेतला श्रोता असावे की नाही, याचा तो प्रश्न आहे.

तेव्हा आमची मागणी भारी नाही. जेथे उत्पादकतेचा फलक लागेल, तेथे शेजारी दुसरा फलक लावावा. त्यावर अपघात, आजारपण आणि जादा तास लिहावेत. प्रेसचा सेन्सर बंद करण्याची किल्ली एकट्या सुपरवायझरच्या खिशात असू नये. यंत्र का थांबते, याची नोंद यंत्र चालविणाऱ्याला विचारून ठेवावी. आणि सुधारणेतून जे वाचेल, त्याची वाटणी कशी होईल हे सुधारणा करण्यापूर्वी लिहून ठेवावे, नंतर नव्हे. यांतले काहीही परदेशातून आणावयाचे नाही. न्याय्य वाटणीचे तत्त्व तर १९५७ सालीच मान्य झालेले आहे.

आपल्यापैकी कोणी मालक असतील, कोणी अधिकारी, कोणी कामगार; घर तर प्रत्येकालाच आहे. उद्या सकाळी आपापल्या ठिकाणी कामाला लागण्यापूर्वी खालच्या आकड्यात आपण काय काय धरले आहे, आणि काय धरावयाचे राहिले आहे, एवढे एकदा पाहावे, अशी विनंती आहे. आपण एवढा वेळ शांतपणे ऐकून घेतले. त्या वेळाचा हिशेब आम्ही मागणार नाही, आपणही मागू नये.